गाडीचा खांदा

माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं मलकापूरहून ती मोटार बैल जुंपून आणली, तेव्हा सारा मोताळा रस्त्यावर आला होता. बैल मोटार ओढताहेत म्हटल्यावर घरात कोण बसेल? मागून पोरं ओरडत होती आणि शेषराव स्टिअरिंग धरून असा ताठ बसला होता, की बघणाऱ्याला वाटावं, मोटारच बैलांना ढकलते आहे. मी शाळेच्या दारात उभा होतो. मास्तरानं अशा वेळी हसू नये असा रिवाज आहे, पण मला हसू येतही नव्हतं. राग आला होता. घरात माझी बहीण सोजरा क्षयानं झिजत होती आणि हा गृहस्थ वाजतगाजत भंगार घेऊन आला होता.

ऑस्टिनची ती लहान मोटार. लोक तिला बेबी म्हणत. कुण्या साहेबानं बदली झाल्यावर मागे टाकलेली, पुढे एका व्यापाऱ्याच्या वखारीत पडून राहिलेली. मागच्या सीटवर कोंबड्या बसत होत्या. टपाच्या चिंध्या झाल्या होत्या, एक दिवा नव्हता आणि इंजिनाचं हँडल फिरवलं तर नुसता दमेकऱ्यासारखा आवाज यायचा. लढाईचे दिवस होते. नवी मोटार दिसत नव्हती, जुनीचे सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल मोजून मिळायचं. अशा दिवसांत याला मोटारीचं खूळ लागलं होतं.

खूळ म्हणायचो ते चिडून. कारण मलाही माहीत होतं.

सोजराला बुलढाण्याचे एक डॉक्टर तपासत होते. छातीत सुईनं हवा भरायची, म्हणजे आजारी फुप्फुस दबून राहतं, त्याला विश्रांती मिळते आणि जखम भरून येते, असं त्यांनी समजावलं होतं. पण ही हवा जिरते. म्हणून दर आठवड्याला परत भरायची, वर्षभर तरी. खंड पडला तर सगळं मुसळ केरात. मोताळा खाली आणि बुलढाणा वर, मध्ये राजूरचा घाट. सर्व्हिस मोटारवाल्यानं तिला एकदा नेलं, दुसऱ्यांदा हात जोडले. हिचा खोकला ऐकून बाकीचे उतारू उतरून जातात म्हणाला. बैलगाडीनं नेलं तर जायला दिवस, यायला दिवस, आणि दचके खाऊन घरी आली की तापानं फणफणायची.

म्हणजे गोष्ट सरळ होती. ही मोटार घाट चढू लागली तर सोजरा वाचण्याची थोडी आशा होती. नाहीतर नव्हती.

शेषरावनं गोठ्याचा अर्धा भाग झाडून घेतला आणि तिथं काम सुरू केलं. बैल एका बाजूला, मोटार एका बाजूला. मदतीला हबीब. कापसाच्या जिनातली ऑइल इंजिनं, शिवणाची मशिनं, एकदा तर कुणाचा ग्रामोफोनही दुरुस्त केलेला माणूस. तोंड सतत चालू. त्यानं आधी इंजिन खोलून, साफ करून चालू केलं. त्याच्या बायकोनं, अमीनानं, जुन्या तंबूच्या कापडाचा नवा टप शिवून दिला. शेषरावनं कोंबड्यांची सीट फाडून जाळली आणि घरच्या नव्या कापसाची गादी भरली. कमानींची पाती सोडवून, घासून, वंगण लावून परत बांधली, म्हणजे दचका कमी लागावा.

आणि ब्रेक. त्या गाडीला पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागायचा, पुढच्या चाकांना हाताचा दांडा ओढायला लागायचा. शेषराव म्हणाला, "एक हात स्टिअरिंगवर, एक हात ब्रेकवर, मंग घाटात तिले उबळ आली तं धरू कायनं?" त्यानं लोहाराकडून सळया करून आणल्या आणि पायाच्या एकाच पट्टीला चारही चाकं जोडली. हे जमायला त्याला सारा उन्हाळा लागला. मी रोज शाळा सुटल्यावर जाऊन नावं ठेवायचो. "मोटारीच्या आधी बैल म्हातारे होतील," म्हणायचो. तो वर न बघता म्हणायचा, "पाना द्या, मास्तर."

सोजरा ओसरीवर बाजेवर पडून हे सगळं बघायची. उशाशी थुंकीचा डबा आणि राखेचं गाठोडं. डब्यात राख टाकायची, थुंकायचं, वरून परत राख. हा तिचा दिवसभराचा उद्योग. गोठा समोरच होता. बरं वाटत असलं की ती एकेका वस्तूचं नाव विचारायची आणि हबीबला तेवढंच पाहिजे असायचं. त्याची शिकवण्याची पद्धत एकच. प्रत्येक भाग बैलाच्या अंगावर दाखवायचा. रेडिएटर म्हणजे बैलाचं पोट, पाणी तिथं. कमानी म्हणजे गुडघे. पेट्रोल म्हणजे सरकीची ढेप.

"आन् हे काय हो, हबीबभाऊ?" तिनं एकदा विचारलं. त्याच्या हातात क्लचची तबकडी होती, थाळीएवढी. जुनं अस्तर जळून गेलेलं.

"हा खांदा, वैनी. इंजिन किती बी जोर करू द्या, तो चाकापर्यंत जाते याच्यातूनच. साऱ्या गाडीचा भार हा घेते. बैलाचा जसा जूवाले लागते ना, तसा हा गाडीचा खांदा."

"सोलला हाय पुरा," ती म्हणाली.

"सोलला तं हायेच. नवी चामडी लावू त्याले."

नवं अस्तर मुंबईहून कुणाच्या हाती आलं. पाठवणाऱ्यानं सांगून पाठवलं होतं, हे शेवटचं, लढाई संपेपर्यंत दुसरं मागू नका. हबीबनं ते तांब्याच्या खिळ्यांनी तबकडीवर बसवलं आणि शेषरावला आणि मला दोघांना बजावलं, "याले तेलाचं बोट लागू देऊ नोका. कोरडं हाय तवरच धरते हे." सोजरा त्या दिवशी आत तापात होती. तबकडी एका पितळी थाळीत, स्वच्छ फडक्याखाली झाकून, ओसरीच्या कोनाड्यात ठेवली.

पोळ्याच्या आदला दिवस खांदशेकणीचा. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सोलतात, घट्टे पडतात. त्या दिवशी ते गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद चोळून जिरवायची आणि बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. शेषराव आणि गडी बैल घेऊन विहिरीवर गेले होते. मी शाळेत होतो. घरी सोजरा एकटीच होती आणि त्या दिवशी तिला बरं वाटत होतं.

संध्याकाळी कंदील लावून हबीबनं तबकडी बसवली, वर गिअरची पेटी चढवली. मग शेषरावनं हँडल मारलं. इंजिन लागलं. त्याआधी जुन्या अस्तरावर ती मोटार निघायची ती बेडकासारखी उडी मारून. बसणाऱ्याची मान मोडायची. त्या संध्याकाळी ती अशी अलगद सुटली, की आम्ही बघतच राहिलो.

"लोण्यावानी सुटली," हबीब म्हणाला. तो स्वतःच्याच कामावर इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. बाजेवर सोजरा हसत होती.

पोळ्याच्या सकाळी तिला रक्ताची उलटी झाली. थोडीथोडकी नाही. मी पोहोचलो तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता आणि शेषराव तिच्या तोंडाशी ओला फडका धरून बसला होता. गावात बैलगाडी मिळणार नव्हती, कारण पोळ्याला बैल कुणी जुंपत नाही. शेषरावनं स्वतःच्या जोडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ मोटारीकडे गेला.

"घाटात चालवून नाई पाह्यली अजून," हबीब म्हणाला.

"आज पाहू," शेषराव म्हणाला.

मागे कापसाच्या गादीवर सोजरा, डोकं माझ्या मांडीवर; माझे गुडघे हनुवटीला. पुढे ते दोघं. पायाशी राखेचं गाठोडं. सपाट रस्त्यावर मोटार अशी चालली, की मला शेषरावचं कौतुक वाटायला लागलं आणि मला ते फारसं आवडलं नाही. दचका जाणवत नव्हता. सोजरानं डोळे उघडून टपाच्या शिवणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अमीनानं टाके बारीक घातले." मला रडू आवरेना. मी बाहेर शेतांकडे बघत बसलो.

घाट लागला. वजन कमी व्हावं म्हणून मी उतरलो. हातात एक दगड घेऊन मागून चालायचं आणि मोटार थांबली की चाकामागे लावायचा, हे माझं काम. मॅट्रिक होऊन मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास झालेल्या माणसाला हेच काम उरलं होतं. पहिलं वळण चढलो. दुसऱ्या चढाला इंजिनाचा आवाज एकदम वाढला, किंचाळल्यासारखा, आणि मोटार मात्र हळू हळू होत थांबली. इंजिन पळत होतं, चाकं उभी होती. मी दगड लावला.

तेव्हा मला वास आला. तुपाचा. कढवलेल्या तुपाचा आणि हळदीचा. सण होता, खाली राजुरात पुरणपोळ्या होत असणार, असं मला वाटलं आणि त्या लोकांचा रागही आला, की इथं माणूस मरतंय आणि ह्यांचं तूप कढतंय. पण वारा वरून येत होता.

हबीबनं पायाखालची फळी काढली. आत बोट घातलं, बाहेर काढलं, कंदिलासमोर धरावं तसं डोळ्यांसमोर धरलं. बोट पिवळं होतं.

"तूप?" तो हळूच म्हणाला. "क्लचमंदी तूप?"

मागून सोजराचा आवाज आला. "खांदा दुखला का तिचा?"

हबीब फळी हातात धरून मागे वळला.

"म्या काल चांगला शेकला होता," ती म्हणाली. एकेक शब्द श्वास घेऊन बोलत होती. "हबीबभाऊ म्हणले होते ना, सारा भार त्याच्यावरच येते. मंग बैलायचा करता, तिचाच काऊन नाई? मले उचलून तीच तं नेणार हाय. तूप-हळद चोळली, पार जिरवली. आवतनबी देलं. तरी दमली."

हबीबचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. त्यानं तोंड उघडलं, आणि शेषरावनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला.

"खांदा मजबूत हाय," शेषराव मागे वळून म्हणाला. "तुह्या तुपानंच इथवर आली. रस्ताच खराब हाय इथला."

"मले वाटलंच," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

हबीबनं राख मागितली. तिच्या थुंकीच्या डब्यासाठी आणलेली, चुलीतली चाळलेली राख. त्यानं मुठीनं ती फळीच्या भोकातून क्लचवर उधळली, थांबला, परत उधळली. राख तूप पिऊन घेते, असं तो मला कानात म्हणाला, कदाचित पकडेल. शेषरावनं इंजिन लावलं. मोटार थरथरली, धक्का खाल्ला आणि चालू लागली. मी दगड उचलून मागे धावलो. एक वळण चढली. मी इतका जोरात ओरडत होतो, की पोरांनी मला ओळखलं नसतं. मग तुपाचा वास गेला आणि जळक्या चिंधीचा वास आला. फळीतून धूर निघाला. मोटार थांबली ती थांबलीच. वर अजून घाटाची किती तरी वळणं होती.

आम्ही तिघांनी ढकलून पाहिलं. थोडं अंतर गेलो आणि हबीबचा पाय घसरला. मी दगड वेळेवर लावला म्हणून बरं. तेवढ्यात वरून एक शेतकरी दोन जोड्या घेऊन उतरत आला, सोबत चारपाच माणसं. बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. भगवानराव त्याचं नाव, राजूरचा. शेषरावनं त्याच्यापुढे हात जोडले. माझ्या मेव्हण्याला मी कुणापुढे हात जोडताना पहिल्यांदाच पाहिलं.

भगवानरावनं मोटारीकडे पाहिलं, आत पाहिलं, मग स्वतःच्या बैलांकडे. "उद्या म्हणाल तितक्या जोड्या आणतो, बाप्पा," तो म्हणाला. "आज नाई होत. आज त्याईच्या मानेवर जू नाई ठेवत."

मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण आतून सोजरा म्हणाली, "बरोबर हाय त्याईचं. जुपू नोका आज."

"बैल नाई तं माणसं लावतो," भगवानराव म्हणाला आणि त्याची माणसं पुढे झालीही. दोघांनी मडगार्डला हात घातला. तेव्हाच सोजराला उबळ आली. फडका लाल झाला. त्या माणसांनी हात काढून घेतले आणि एकेक पाऊल मागे सरले. भगवानराव मान खाली घालून उभा राहिला. मग जाऊन त्यानं झऱ्याचं पाणी आणलं आणि तांब्या आमच्यापासून लांब, एका दगडावर ठेवला. मी मनात त्यांना खूप शिव्या दिल्या, पण त्यांच्याही घरी लेकरंबाळं होती.

शेषराव बराच वेळ रस्त्याच्या कडेला बसला. मग उठला, मोटारीचं तोंड आम्ही तिघांनी मिळून खाली वळवलं आणि तो स्टिअरिंगवर बसला. उतरायला इंजिन लागत नाही, क्लचही लागत नाही. मोटार आवाज न करता घाट उतरू लागली. वळणावळणावर त्यानं पायाची पट्टी दाबली की चारही चाकं सारखी धरायची, एवढासाही हिसका नाही. ब्रेक फार उत्तम लागत होते. सोजराला झोप लागली.

सपाटीवर पोचल्यावर आम्ही ढकलत नेलं. संध्याकाळी दारात बैलांची पूजा झाली. सोजरानं बाजेवरून सांगितलं, मोटारीलाही कुंकू लावा, उपाशी आली ती. शेषरावनं लावलं आणि पुरणपोळीचा तुकडा रेडिएटरवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं तिला नेलं. डॉक्टरांनी हवा भरली, आठवड्यानं परत आणा म्हणाले. आठवड्यानं ती बैलगाडीत बसवण्यासारखी राहिली नव्हती. शेषरावनं अस्तरासाठी मुंबईला, नागपूरला, मिळेल तिथं माणसं पाठवली. हबीबनं कातडं लावून पाहिलं, पट्ट्याचं कापड लावून पाहिलं. सपाटीवर चालायचं, चढाला जळायचं. दसऱ्याआधी सोजरा गेली. शेवटपर्यंत तिला कुणी तुपाचं काही सांगितलं नाही. एकदा मला म्हणाली, "दादा, यंदा रस्ता दुरुस्त करतीन का हो?" मी हो म्हणालो.

हबीब एक दिवस शाळेच्या पायरीवर येऊन बसला. "मास्तर, म्याच म्हणलं होतं खांदा," म्हणाला. त्याला धीर द्यावा एवढा मोठेपणा माझ्यात नव्हता.

पुढच्या श्रावणात, कधीचं सांगून ठेवलेलं अस्तर आलं. लढाई संपली नव्हती, पण कुणाच्या तरी कपाटात एक तुकडा निघाला होता. हबीबनं तो तबकडीवर खिळ्यांनी बसवला. मला वाटलं, आता शेषराव मोटार विकेल. चालती मोटार त्या दिवसांत कुणीही घेतली असती.

खांदशेकणीच्या दिवशी मी तिकडे गेलो. बैल शेकून झाले होते. शेषराव ओसरीवर, सोजराच्या बाजेवर बसला होता. मांडीवर ती तबकडी, बाजूला तूप-हळदीची वाटी. गोठ्यात हबीब पाना हातात घेऊन उभा होता. शेषराव बोटानं तूप घेत होता आणि नव्या कोरड्या अस्तरावर, कडेपासून आत, गोल गोल चोळत होता. घाई नव्हती. एक बोट तूप जिरलं की दुसरं. हबीबनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आमच्यापैकी कुणीच त्याला थांबवलं नाही.

सगळीकडून जिरवून झाल्यावर त्यानं तबकडी तोंडाजवळ नेली.

"आज आवतन घे," तो म्हणाला. "उद्या जेवाले ये."

मग त्यानं ती हबीबकडे दिली आणि म्हणाला, "बसव." हबीबनं ती तशीच बसवली.